मान खाली घालून केलेली बजावणी

मी कोर्टात बेलीफ होतो. एवढं वाचूनच निम्म्या वाचकांनी तोंड वाकडं केलं असेल. करा. आयुष्यभर तेच पाहिलं. गावात शिरलो की पारावरची माणसं बोलायची थांबायची. लग्नाच्या पंगतीत बसलो की शेजारचा हळूच विचारायचा, "कामावर हायसा का सुट्टीवर?" डॉक्टर वाईट बातमी सांगतो तर त्याच्या पाया पडतात. आम्ही वाईट बातमीचा कागद आणला तर आमच्यावर कुत्रं सोडतात. त्याचाही मला राग नाही. राग आहे तो माझ्या सेवापुस्तकातल्या एका ओळीचा. "कर्तव्यात हलगर्जीपणा केल्याबद्दल ठपका ठेवण्यात येत आहे." दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांत मी उन्हातान्हात फिरलो, आणि सरकारदरबारी माझ्याविषयी उरली ती ही ओळ. संपादकांना आधीच सांगितलं आहे, यातला एक शब्द मऊ केलात तर लेख परत द्या.

आमच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती. वडिलांनी ती विकली आणि बाजारात दुसऱ्यांच्या मेंढरांचा सौदा करून द्यायला लागले. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचा, तोंडाने एक शब्द नाही. ते बघत मी वाढलो. दहावीला एकदा आपटलो, परत बसलो, पास झालो. शिपाई म्हणून लागलो आणि बेलीफ झालो. कोणाची चिठ्ठी नाही, वशिला नाही. बेलिफाच्या कामात मला उपयोगी पडला तो बापाचा धंदाच. माणसाला नको असलेली वस्तू त्याच्या हातात ठेवायची आणि वर सही घ्यायची, हा सौदा नाही तर काय?

घटस्फोटाचा कागद कसा पोचतो ते लोकांना माहीत नसतं. नवरा किंवा बायको कोर्टात अर्ज करते. कोर्ट दुसऱ्या बाजूला समन्स काढतं. अर्ज जिल्ह्याच्या कोर्टात झालेला असला तरी माणूस आमच्या तालुक्यात राहत असेल तर समन्स आमच्याकडे येतं. नाझर, म्हणजे आमचा वरिष्ठ, ते वहीत नोंदवून बेलिफाला देतो. बेलिफाने माणूस गाठायचा, समन्स आणि अर्जाची प्रत द्यायची, आणि परत पाठवायच्या प्रतीवर सही नाहीतर अंगठा घ्यायचा. माणूस घेत नसेल तर पंचांसमक्ष दारावर डकवायचा आणि तसा अहवाल लिहायचा. या सगळ्याला बजावणी म्हणतात. त्या अहवालावर पुढचं सगळं उभं असतं. मी "बजावणी झाली" असं लिहिलं आणि तारखेला समोरचा आला नाही, तर कोर्ट एकतर्फी निकाल देऊ शकतं. म्हणजे एखाद्याचा संसार मोडायचा की नाही, यात बेलिफाच्या दोन ओळींना वजन असतं. पगार मात्र शिपायाच्या जवळपास.

खेड्यात समज असा, की कागद हातात घेतला म्हणजे सोडचिठ्ठी झाली. म्हणून कोणी घ्यायचं नाही. दौंडकडच्या एका वस्तीवर मुलीची आई दारात आडवी उभी राहिली.

"न्हाई घेणार. घेतला की माझी पोर सुटली."

"मावशी, ही सोडचिठ्ठी नाही. जावई त्याचं म्हणणं सांगतोय. तुमच्या लेकीचं काय म्हणणं आहे ते सांगायला बोलावलंय. नाही घेतलं तर त्याचं एकट्याचंच ऐकतील."

"मंग आमचं बी लिव्हून घ्या. आमचा तांब्याचा हंडा हाय त्यांच्याकडं. त्यो पयला द्या म्हणावं."

"ते मी नाही लिहू शकत."

"मंग न्हेवा कागद माघारी."

तासभर घासाघीस झाली. शेवटी मी अहवालात लिहिलं, "सामनेवालीने समन्स स्वीकारले. तिच्या आईने हंडा मागितला." नाझरसाहेबांनी मला बोलावून विचारलं, हे काय आहे? मी म्हणालो, बजावणी झाली ना? मग हंडा राहू द्या.

पुरुष आणखी बेरकी. रांजणगावच्या एका कंपनीतला एक जण बायकोचा कागद तीन वेळा चुकवून बसला होता. घरी गेलो तर ड्युटीवर, गेटवर गेलो तर वॉचमन म्हणायचा, "साहब, वो तो दूसरी शिफ्ट में है." चौथ्या वेळी मी त्याच्या मेव्हण्याला बरोबर घेतलं. ज्याचा चेहरा आपल्याला माहीत नाही, त्याला ओळखून दाखवायला अर्जदाराचं माणूस बरोबर न्यायचं, ही आमच्या कामाची जुनी पद्धत. शिफ्ट सुटली, कंपनीची बस भरली, आम्ही चढलो. मेव्हणा काही बोलायच्या आधीच मला माणूस सापडला. अख्ख्या बसमध्ये हेल्मेट घालून बसलेला तो एकटाच होता.

"हेल्मेट काढ."

"थंडी वाजतीय."

"एप्रिलमध्ये? काढतोस का मी काढू?"

काढलं. सगळी बस हसत होती, त्यातच त्याने सही केली. चेहरा बघितल्याशिवाय मी कागद देत नाही, असं मी तेव्हा अभिमानाने सांगायचो. पुरुषांच्या बाबतीत ते खरं होतं.

आता ज्यासाठी ठपका मिळाला ते सांगतो. नावं बदलली आहेत. तिला सुमन म्हणू आणि तिच्या नवऱ्याला दिलीप.

मी तेव्हा दौंडला होतो. पाटसच्या पुढे एका वस्तीवर दिलीपचं घर. स्वतःचा ट्रॅक्टर, गाळपाच्या हंगामात उसाची वाहतूक. त्याने बायकोविरुद्ध घटस्फोटाचा अर्ज केला होता आणि बायकोचा पत्ता स्वतःच्याच घराचा दिला होता. मी त्याला विचारलं, एकाच घरात राहता? तो म्हणाला, "चुली येगळ्या हायेत, मामा. बोलणं बंद." अशी घरं मी पाहिली होती. मला खरं वाटलं. ओळखणारा म्हणून तोच बरोबर आला.

अंगणात खाटेवर त्याचे चुलते बसलेले, शेजारचे दोघे उभे. दिलीपने आत हाक मारली. एक बाई बाहेर आली, पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेला. आमच्या भागात घरातली मोठी माणसं समोर बसलेली असताना परक्या पुरुषाने सुनेच्या तोंडाकडे बघायचं नाही, ही रीत. मी रीत पाळली. मान खाली घातली.

"तुम्हीच सुमन का?"

"व्हय," ती म्हणाली.

"सही येते?"

"न्हाई."

शाईचा डबा पुढे केला. तिने अंगठा लावला. खाली मान घातलेल्या माणसाला दिसतं तेवढंच मला दिसलं. राबलेला हात आणि मनगटावर गोंदलेलं तुळशीवृंदावन. शेजारच्या दोघांनी पंच म्हणून सह्या केल्या. चहा आला, मी नको म्हणालो, कारण मला एसटी गाठायची होती. "समक्ष ओळख पटवून बजावणी केली," असं लिहिलं आणि मोकळा झालो.

एसटीत बसल्यावर एक गोष्ट टोचली. त्या बाईने कागद कशाचा आहे ते विचारलं नव्हतं. इतक्या वर्षांत अशी एकही बाई मला भेटली नव्हती. कोणी विचारायची, कोणी शिव्या द्यायची, कोणी रडायची, कोणी दारच लावून घ्यायची. ही मुकाट अंगठा लावून आत गेली. टोचलं, पण मी उतरलो नाही. हे मी कोर्टात सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही. इथे सांगतो.

पुढे माझी बदली शिरूरला झाली. दीड वर्षाने एका दुपारी आवारातल्या लिंबाखाली डबा उघडला होता, तेवढ्यात एक तिशीची बाई समोर येऊन उभी राहिली. बरोबर टोपी घातलेला म्हातारा.

"दौंडला बेलीफ व्हते ते तुम्हीच का?"

"हो. काय काम आहे?"

"मला वळखता का?"

"नाही बाई."

"नीट बघा."

बघितलं. खरंच ओळखत नव्हतो. "नाही."

"मंग झालं तर." तिने माझ्याच अहवालाची नक्कल माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवली. "मी सुमन. हितं तुम्ही लिव्हलंय, माझी वळख पटवून मला समक्ष कागद दिला. आन् हा अंगठा कुणाचा? मी निमोण्याच्या बालवाडीत पोरांना अक्षरं शिकवते."

म्हातारा तिचा बाप. त्याला ती आप्पा म्हणत होती. तो हात जोडून म्हणाला, "सायेब, पोर दोन वर्सं माझ्या घरात हाय. पाटसला पाय ठेवला न्हाई तिनं. दिलीपरावांच्या दुसऱ्या लग्नाची सुपारी फुटली, तवा आमाला कळलं की हिची फारकत झालीया."

अंगणातली ती बाई दिलीपची थोरली बहीण होती, हे पुढे कळलं. बायको माहेरी निमोण्याला, आणि तिच्या नावाने नणंदेने अंगठा दिला होता. एकतर्फी निकाल लागून गेला होता.

आणि मी काय केलं? मी सौदा करायला बसलो. लपवत नाही. म्हणालो, "ताई, निकाल रद्द करायचा अर्ज करा. नवऱ्याने पत्ता खोटा दिला एवढंच सांगा. पुरेसं आहे. बेलिफाला मधे घेऊ नका."

"मी कुठं घेतलं? तुम्ही मधीच हायेत की."

"वकील मी बघून देतो. चांगला आहे, ऐकतो माझं."

"मला वकील हाय. मला तुमची साक्ष पायजे. तुम्ही सांगा, ती मी नव्हते."

"माझी नोकरी जाईल."

"माझं काय गेलं ते इचारलं का तुम्ही?"

ती गेल्यावर डबा तसाच झाकला.

तिच्या वकिलाने अर्ज केला, माझ्या नावे साक्षीचं समन्स निघालं. जन्मभर समन्स वाटणाऱ्याच्या हातात समन्स आलं. ऑफिसातले जाणते मला समजवायला लागले. एक म्हणाला, "आठवत नाही म्हण. बेलीफ दिवसाला किती कागद देतो? कोणाचा बाप तुला काही करत नाही." खरं होतं ते. "आठवत नाही" या दोन शब्दांवर लोकांनी अख्खी नोकरी काढली आहे. काही तर चहाच्या टपरीवर बसून "घरी मिळून आला नाही" असं लिहायचे. त्यांची सेवापुस्तकं आजही कोरी आहेत.

मग शिरूरच्या एसटी स्टँडवर दिलीप भेटला. गोड बोलत आला.

"मामा, आठवत न्हाई म्हणा. बास. तुमच्या पोरीच्या लग्नात माझा ट्रॅक्टर आन् मी, दोन्ही राबू."

"माझ्या डोळ्यांदेखत बहीण उभी केलीस तू!"

"तुम्ही कुठं बघितलं, मामा? तुमची तर मान खाली व्हती."

आणि हसला. मी त्याची गचांडी धरली. कंडक्टरने आणि दोघातिघांनी सोडवलं नसतं तर आणखी काही झालं असतं. मला वाटलं, छान केलं. दोन दिवसांनी कळलं, त्याने पोलिसांत अर्ज दिला होता. आता त्याचा वकील कोर्टात म्हणणार, या साक्षीदाराचं माझ्या पक्षकाराशी वैर आहे, हा सुडाने बोलतोय. माझ्या डोक्याच्या गरमीमुळे तिची केस अडचणीत आली. आप्पा मला रस्त्यात भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "सायेब, जरा दमानं घ्यायचं व्हतं हो."

साक्षीच्या दिवशी पिंजऱ्यात उभा राहिलो. सरळ सांगितलं, ज्या बाईला कागद दिला ती ही नव्हे. दिलीपचा वकील उठला. पोलिसांतल्या अर्जावर मला पिंजून झाल्यावर त्याने आवाज एकदम मऊ केला.

"त्या दिवशी बाईचं तोंड बघितलंत?"

"नाही."

"का?"

"पदर होता."

"बाजूला करायला सांगितलंत?"

"नाही."

"म्हणजे तोंड बघितलंच नाही. मग ती ही नव्हती, हे कशावरून सांगता?"

सुमन समोर बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. या प्रश्नाला उत्तर दिलं नाही तर निकाल तसाच राहणार, दिलीपचं दुसरं लग्न लागणार, आणि ही बाई, तिचं म्हणणं न ऐकताच, सुटलेली म्हणून जन्मभर राहणार. माझं डोकं तापलं होतं. कठड्यावर हात आपटला, तर न्यायाधीश म्हणाले, "बेलीफ, शांत राहा. उत्तर द्या." तेव्हा त्या अंगणात मला जे दिसलं होतं, ते डोळ्यांपुढे आलं.

"साहेब, तोंड नाही बघितलं. मान खाली होती म्हणून हात बघितला. शाईचा डबा मी धरला होता. मनगटावर तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं."

"आज आठवलं?" वकील हसला.

"तुम्ही आज विचारलंत."

न्यायाधीशांनी सुमनला पुढे बोलावलं आणि दोन्ही हात दाखवायला सांगितलं. तिने बांगड्या मागे सारल्या. मनगटं कोरी होती. वकिलाने मग मला शेवटचं विचारलं, "म्हणजे ओळख न पटवता ओळख पटवली असा खोटा अहवाल तुम्ही दिलात? असे आणखी किती दिलेत?" मी म्हणालो, "चुकीचा दिला. खोटा नाही." त्याने ते दोनदा लिहून घ्यायला लावलं.

महिन्याभराने निकाल रद्द झाला. दिलीपचं ठरलेलं लग्न मुलीकडच्यांनी मोडलं. अर्ज पुन्हा सुरू झाला, या वेळी सुमनचं म्हणणं ऐकून.

आणि शिक्षा कोणाला? नवरा मोकळा. नणंद मोकळी. दोन्ही पंच मोकळे. कैफियत, म्हणजे लेखी खुलासा, मागितला तो माझ्याकडे. माझ्याच साक्षीची प्रत माझ्याच चौकशीत पुरावा म्हणून लावली. मी खरं बोललो नसतो तर पुरावाच नव्हता! ठपका बसला आणि बढती माझ्यानंतर लागलेल्याला मिळाली. तो कोण, तर "आठवत नाही" म्हणायचा सल्ला देणारा. त्याच्या निरोप समारंभाला मी गेलो नाही.

त्यानंतर मी बाईला पदर मागे घ्यायला लावायचो, बापाचं नाव आणि माहेरचं गाव विचारायचो, मगच कागद द्यायचो. तर माझ्याविरुद्ध तक्रार आली, बेलीफ बायकांच्या तोंडाकडे बघतो. त्याचीही कैफियत दिली. काय बोलायचं?

ठपक्याविरुद्ध मी अर्जावर अर्ज केले. पण एक गोष्ट कुठल्याच अर्जात नाही. ती निकाल रद्द झाला त्या दिवसाची.

कोर्टाच्या पायऱ्यांवर मी मुद्दाम थांबलो होतो. खरं सांगतो, आभाराचे दोन शब्द ऐकायला. सुमन आणि आप्पा खाली आले. मी म्हणालो, "झालं ना ताई तुमच्या मनासारखं?"

ती थांबली. "माझ्या मनासारखं? मला त्या घरात जायचं न्हाई. मला त्याच्या तोंडावर सांगायचं व्हतं, की तू काय मला सोडतोस, मी तुला सोडते. ती माझी पाळी व्हती. ती तुम्ही घालवली व्हती. आज माघारी मिळाली."

"अगं, सायबांनी नोकरी पणाला लावली," आप्पा म्हणाले.

"मंग? माझं न्हेलं व्हतं तेच आणून दिलं ना? त्यात उपकार कसले? चला आप्पा, गाडी जाईल."

ती चालायला लागली. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी मागून म्हणालो, "ताई, चुकलं माझं."

ती वळली. "आसं त्वांडी नगं. लिव्हून द्या."

तेव्हा दिलं नाही. चौकशी लागणार हे दिसत होतं, आणि लिहून दिलेला कागद कुठे कुठे फिरतो हे माझ्याइतकं कोणाला माहीत? चौकशीत तर मी उलटंच लिहिलं. "सदर प्रकरणी माझी कोणतीही चूक नाही, माझी फसवणूक झाली आहे." चार पानं लिहिली. आजही तोंडाने भांडायला बसलो तर तेच म्हणेन, मला तेवढं भांडता येतं.

पण आता मी निवृत्त आहे. म्हणून लिहून देतो. सुमनताई, तुमचं खरं नाव हे नाही, पण वाचाल तेव्हा तुम्हाला कळेल. त्या अंगणात मी मान वर करून विचारायला हवं होतं, आणि टोचलं तेव्हा एसटीतून उतरून माघारी जायला हवं होतं. दोन्ही केलं नाही. चूक माझी होती. खाली माझी सही आहे असं समजावं.